फिट सुंदर, पण के-एस दरवेळी वेगळा: शैवालवाढीच्या मॉडेलमधल्या पॅरामीटरचं समस्या निवारण

मार्च-एप्रिलात प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की लॅपटॉप उघडाच हातात धरून मुलं येतात. पडद्यावर ठिपक्यांमधून छान वळणारी रेघ असते. रेघ ठिपक्यांवर किती चांगली बसली (म्हणजे फिट) हे आर-स्क्वेअर सांगतो, आणि के-एस हा त्या रेघेच्या समीकरणातला एक आकडा. प्रश्न ठरलेला: "मॅडम, आर-स्क्वेअर ०.९९ आलाय. पण के-एस काल १२ आला होता, आज ४०० येतोय. कुठला लिहू?"

सध्या एकही लिहू नका, असं मी सांगते आणि आम्ही बसतो. गोव्यात जुवारीच्या खाडीतल्या डायटमवर आणि मिठागरातल्या ड्युनालिएलावर, म्हणजे दोन प्रकारच्या सूक्ष्म शैवालांवर, काम करताना हा बिघाड मी स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या डेटात इतक्या वेळा काढलाय की तपासण्यांचा क्रम आता पाठ झाला आहे. तोच इथे लिहून ठेवते. आधी फुकटच्या तपासण्या, मग थोड्या खर्चाच्या, आणि शेवटी ज्यांना नवा प्रयोग लागतो त्या.

उदाहरण म्हणून मोनोचं समीकरण घेते, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. जाक मोनोने ते १९४२ साली जिवाणूंच्या वाढीसाठी मांडलं. वाढीचा दर म्हणजे कमाल दर गुणिले पोषकद्रव्य, भागिले के-एस अधिक पोषकद्रव्य. कमाल दराला आपण म्यू-मॅक्स म्हणतो. ज्या पातळीला वाढ कमाल दराच्या निम्मी होते, ती पातळी म्हणजे के-एस.

लक्षणं

सगळी एकदम दिसत नाहीत. दोन जरी दिसली तरी पुढे वाचा.

- सुरुवातीचा अंदाज बदलला की उत्तर बदलतं, पण उरलेल्या चुकीची (म्हणजे चुकांच्या वर्गांची) बेरीज जवळपास तीच राहते.
- एखादा पॅरामीटर तुम्ही घातलेल्या मर्यादेला जाऊन चिकटतो. मर्यादा १०० ची २०० केली की तो २०० ला जाऊन बसतो.
- पॅरामीटरची प्रमाण त्रुटी खुद्द पॅरामीटरपेक्षा मोठी येते.
- म्यू-मॅक्स आणि के-एस यांचा परस्परसंबंध ०.९८ च्या वर जातो.
- उरलेल्या चुकांचा आलेख काढला की त्यात लाट दिसते: आधी सलग धन, मग सलग ऋण, मग पुन्हा धन.
- तीच जात, तोच मीडियम (शैवाल वाढवायचं पोषक पाणी), पण पुढच्या महिन्यातला आकडा दुप्पट.
- म्यू-मॅक्स न पटण्याइतका मोठा येतो.

शेवटच्या लक्षणासाठी एक मोजपट्टी आहे. एप्ली या शास्त्रज्ञाने १९७२ साली शैवालाच्या अनेक जातींचा डेटा एकत्र करून तापमानानुसार वाढीच्या दराची वरची हद्द मांडली. २८ अंशांना ती दिवसाला साधारण ५ दुपटी, म्हणजे नैसर्गिक लॉगमध्ये दिवसाला ३.५ च्या आसपास येते. आपल्या प्रयोगशाळेच्या तापमानाला तुमचा आकडा दिवसाला ७ किंवा ९ येत असेल, तर शैवालाने विक्रम केलेला नाही, हिशोबात कुठेतरी चूक आहे.

पहिली तपासणी: एककं

खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. माझ्याकडे येणाऱ्या अडचणींतला मोठा वाटा इथेच मिटतो, म्हणून ही तपासणी वगळू नका.

लॉग कुठला घेतलाय? दहाच्या पायाचा लॉग आणि नैसर्गिक लॉग यांत २.३०३ पटींचा फरक पडतो. एकाने दर 'दिवसाला दुपटी' असा दिला आणि दुसऱ्याने तो तसाच मॉडेलमध्ये घातला, तर ०.६९३ ने गुणायचं राहून जातं. तासाचा दर आणि दिवसाचा दर यांचा घोळ तर नेहमीचाच. बारा तास उजेड नि बारा तास अंधार असेल, तर दर पूर्ण दिवसाचा आहे की फक्त उजेडाच्या तासांचा, हेही वहीत लिहा.

नायट्रेट लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजलं असेल, तर ते नायट्रेट म्हणून की नायट्रेटमधला नायट्रोजन म्हणून? नायट्रेटचा भार ६२ आणि नायट्रोजनचा १४, म्हणजे ४.४३ पटींचा फरक. के-एस चौपट आला की मी आधी हेच विचारते.

प्रकाशाचं एकक सगळ्यांत फसवं. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. शैवालाला हवे असतात फोटॉन. उन्हात साधारण ५४ लक्स म्हणजे चौरस मीटरला सेकंदाला १ मायक्रोमोल फोटॉन. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली त्यासाठी ७४ लक्स लागतात. म्हणजे मीटरवरचे तेच ५००० लक्स उन्हात ९३ आणि ट्यूबखाली ६८ मायक्रोमोल. एलईडी पट्ट्यांना तर असा एकच गुणक चालत नाही, कारण प्रत्येक पट्टीचा वर्णपट निराळा. लाल-निळ्या पट्टीखाली लक्समीटर लावूच नका, एका दुपारपुरता कुणाकडून तरी फोटॉन मोजणारा क्वांटम सेन्सर मागून आणा.

दुसरी: एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली

मॉडेलमध्ये 'मृत्यूदर' नावाचं पद घातल्यावरच फिट जुळतोय? मग आधी कल्चर बघा. सिलिएट (एकपेशीय भक्षक जीव) शिरले असतील तर ते शैवाल खातात आणि आलेखावर ते अगदी मृत्यूदरासारखं दिसतं. जिवाणू माजले असतील तर ओडी, म्हणजे कल्चर किती प्रकाश अडवतं त्याचं रीडिंग, वाढते, पण शैवाल वाढत नाही. असं कल्चर गणिताने दुरुस्त होत नाही. ते टाकून द्या, मूळ स्टॉकमधून नवं सुरू करा. इथे थांबायचं म्हणजे थांबायचंच.

तिसरी: ओडी खरं सांगते का

स्पेक्ट्रोफोटोमीटर सगळीकडे असतो, म्हणून सगळे ओडी घेतात. दोन गोष्टी पाहा.

तरंगलांबी कुठली? ६८० नॅनोमीटरला क्लोरोफिल प्रकाश शोषतं. नायट्रोजन संपला की पेशी फिक्या पडतात, आणि पेशींची संख्या तीच असूनही ६८० वरचं रीडिंग घसरतं. ७५० ला क्लोरोफिल जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे तिथे मुख्यतः पेशींनी विखुरलेला प्रकाश मोजला जातो. वाढीच्या मॉडेलसाठी मी ७५० च वापरते.

दुसरी गोष्ट सरळपणाची. दाट कल्चर निम्मं पातळ करा. रीडिंगही निम्मं व्हायला हवं. समजा १.२ होतं आणि पातळ केल्यावर ०.६ ऐवजी ०.७२ आलं. म्हणजे खरं रीडिंग १.४४ असायला हवं होतं, यंत्राने ते दाबून दाखवलं. आता या दाबलेल्या आलेखावर मॉडेल बसवलं की वाढ लवकर मंदावल्यासारखी दिसते, आणि मॉडेल त्याचं खापर के-एसवर फोडतं. यंत्राचा दोष शैवालाच्या गुणधर्मात जमा होतो. ०.४ च्या पुढे मी पातळ केल्याशिवाय रीडिंग घेत नाही. प्रत्येक यंत्राची ही हद्द वेगळी असते, एका सकाळी काढून ठेवा.

न्यूबाउअर चेंबरमध्ये (सूक्ष्मदर्शकाखालच्या चौकोन आखलेल्या काचेवर) पेशी मोजत असाल, तर १०० पेशी मोजल्यावर साधारण १० टक्के चूक राहते, ४०० मोजल्या की ५ टक्के. पहिल्या दोन दिवसांत पेशी कमी असतात म्हणून मुलं तीस-चाळीसवर थांबतात. नेमके तेच ठिपके म्यू-मॅक्स ठरवतात. तिथे जास्त चौकोन मोजा.

चौथी: सुकं वजन आणि आपली हवा

जूनपासून इथली हवा इतकी दमट असते की ओव्हनमधून काढलेला फिल्टर काट्यावर ठेवेपर्यंत ओलावा धरतो, आणि तुमच्यासमोर आकडा वर सरकत राहतो. डेसिकेटरमधलं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं असेल, तर तो डेसिकेटर म्हणजे नुसती काचेची बरणी. जेल भाजून घ्या, आणि कोरा फिल्टर प्रत्येक वेळी सोबत तोलून त्याचं वाढलेलं वजन वजा करा.

समुद्री शैवालाला मिठाचीही अडचण असते. फिल्टरवर राहिलेलं मीठ शैवालाच्या वजनात धरलं जातं, म्हणून धुवावं लागतं. पण कशाने धुताय? रायबंदर, नेरूल, आगरवाडा या भागातल्या मिठागरांत सापडणाऱ्या ड्युनालिएलाच्या पेशीला कडक भित्तिका नसते. सुरुवातीच्या दिवसांत मी ते डिस्टिल्ड वॉटरने धुतलं. पेशी फुटल्या, आतलं सगळं फिल्टरमधून खाली गेलं आणि माझं तीन आठवड्यांचं सुकं वजन निरुपयोगी झालं. तेव्हापासून मीडियमच्या खारटपणाला जुळेल इतक्या ताकदीचं अमोनियम फॉर्मेट वापरते. वाळवताना ते उडून जातं, मागे काही ठेवत नाही.

पाचवी: खोलीत काय घडलं

मॉडेल म्हणतं तापमान स्थिर. वळवाच्या पावसात दुपारी वीज गेली, एसी बंद पडला, खोली तीन अंशांनी तापली, तर? एप्लीच्याच हिशोबाने दहा अंशांना दर १.८८ पट होतो. त्यावरून तीन अंशांना तो सुमारे २० टक्के वाढतो. वीज गेली म्हणजे दिवेही गेले, तो परिणाम उलट दिशेचा. महिन्यागणिक आकडा का बदलतो, याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. तापमान नोंदणारा छोटा लॉगर फ्लास्कशेजारी ठेवा आणि वीज गेल्या-आल्याची वेळ वहीत लिहा.

फ्लास्क रोज तोला. हवा सोडत असाल तर पाणी उडतं. २५० मिलिलिटरमधून २५ उडालं की पेशी न वाढताही सगळं ११ टक्क्यांनी दाट होतं, खारटपणासकट. उडालेलं पाणी निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरने भरून काढा.

आणि पीएच बघा. समुद्राच्या पाण्यात तो ८ च्या आसपास सुरू होतो. दुपारी साडेनऊच्या वर गेला असेल, तर विरघळलेला मुक्त कार्बन डायऑक्साइड जवळपास संपलेला असतो. अशा वेळी वाढ कार्बनमुळे थांबलेली असते आणि आपण नायट्रेटचा के-एस शोधत बसतो.

सहावी: शंभर ठिकाणांहून सुरुवात

आता संगणकाकडे वळू. फिट शोधायची लेव्हनबर्ग-मार्क्वार्ट ही पद्धत डोंगरातल्या धुक्यात उतार शोधत चालणाऱ्या माणसासारखी असते. पायाखालचा उतार तिला कळतो, पलीकडची दरी दिसत नाही. म्हणून एकाच अंदाजावर विसंबू नका. पॅरामीटरचे लॉग घ्या, म्हणजे ते ऋण होणार नाहीत, आणि शंभर वेगवेगळ्या अंदाजांपासून फिट चालवा.

बहुतेक वेळा सगळे एकाच जागी आले, तर बरं. दोन-तीन जागी आले आणि चुकीची बेरीज वेगवेगळी असेल, तर सगळ्यांत कमी बेरीजवाली जागा घ्या. पण बेरीज तीच आणि के-एस मात्र ३ पासून ३०० पर्यंत विखुरलेला असेल, तर सॉफ्टवेअर बदलून काहीही होणार नाही. तुमच्या डेटात ती माहितीच नाही.

याच बैठकीत फिटमध्ये कुठल्या ठिपक्याला किती वजन (महत्त्व) मिळतंय ते बघा. पेशी दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत जात असतील आणि तुम्ही कच्च्या आकड्यांवर लघुतम वर्ग लावत असाल, तर शेवटचे तीन ठिपके सगळं ठरवतात, सुरुवातीची वाढ मॉडेलला दिसतही नाही. चूक मापाच्या प्रमाणात वाढत असेल तर लॉग घेऊन फिट करा. एकाच फ्लास्कची तीन रीडिंग म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत, तीन फ्लास्क लागतात.

सातवी: के-एसला हाताने धरून फिरवा

सगळ्या यादीत मला ही तपासणी सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तीच सर्वांत कमी केली जाते. के-एस १ वर पक्का करा, बाकीचे पॅरामीटर फिट करा, चुकीची बेरीज लिहा. मग २, ५, १०, २०, ५०, १००, २००. आडव्या अक्षावर के-एस, उभ्यावर बेरीज.

वाटीसारखा आकार आला तर पॅरामीटर सापडला. मापातली चूक ठाऊक असेल, तर तिच्या वर्गाच्या ३.८४ पट बेरीज जिथे वाढते, ती दोन टोकं म्हणजे ९५ टक्क्यांची मर्यादा. एका बाजूला भिंत आणि दुसरीकडे सपाट मैदान दिसलं, तर "के-एस २० पेक्षा कमी आहे" एवढंच प्रामाणिकपणे लिहा. ते उत्तर कमी दर्जाचं मुळीच नाही. दोन्हीकडे सपाट असेल तर फिटिंग बंद करा.

सपाट का येतं, हे एकदा समजून घेतलं की पुन्हा तो प्रयोग करावासा वाटत नाही. एफ बाय टू या समुद्री शैवालाच्या नेहमीच्या मीडियममध्ये नायट्रेट असतं ८८२ मायक्रोमोलर. समजा के-एस ५ मायक्रोमोलर आहे आणि शैवाल दिवसाला १ या दराने वाढतंय. नायट्रेट ५० वर आलं तेव्हा ८३० शैवालात गेलेलं आहे. आता ते शैवाल दिवसाला ८३०, म्हणजे तासाला ३५ मायक्रोमोलर खातं. उरलेले ५० संपायला दीड-दोन तास. के-एसबद्दलची सगळी माहिती त्या दोन तासांत आहे, आणि आपण नमुना घेतो रोज सकाळी दहाला. आदल्या दिवशी भरपूर, दुसऱ्या दिवशी शून्य. मधलं वळण कुणी पाहिलंच नाही, मग संगणक तरी कुठून सांगणार?

नायट्रेट के-एसपेक्षा खूप जास्त असताना फक्त म्यू-मॅक्स कळतो. खूप कमी असताना फक्त दोघांचं गुणोत्तर कळतं. दोघं वेगवेगळे हवे असतील तर मधल्या पट्ट्यात मापं लागतात.

आठवी: नवा प्रयोग, आणि मॉडेलवरच शंका

उपाय म्हणजे १, २, ५, १०, २०, ५०, १०० मायक्रोमोलर नायट्रेटचे वेगळे फ्लास्क, अगदी थोडं इनोक्युलम (सुरुवातीला घालायचं शैवाल), आणि प्रत्येकाचा सुरुवातीचा दर. खर्च फार नाही, मेहनत आहे.

इथे एक खड्डा आहे. इनोक्युलम एफ बाय टूमधून थेट आणलं तर पेशींच्या पोटात नायट्रोजनचा साठा असतो. १ आणि १०० दोन्ही फ्लास्कमध्ये त्या सारख्याच वाढतात आणि के-एस शून्याजवळ येतो. पेशींना आधी त्या-त्या कमी नायट्रेटची सवय लावा.

हाच साठा मोनोचं समीकरण मुळातून मोडतो. बाहेरचं नायट्रेट शून्य झाल्यावरही शैवाल दोन दिवस वाढत राहिलं आणि चुकांच्या आलेखात लाट दिसली, तर ड्रूपचं मॉडेल घ्या. १९६८ साली ड्रूपने बी-१२ जीवनसत्त्वावर काम करताना वाढ बाहेरच्या पातळीशी न जोडता पेशीतल्या साठ्याशी जोडली: दर म्हणजे कमाल दर गुणिले, एक वजा किमान साठा भागिले सध्याचा साठा. पण मग पॅरामीटर वाढतात, आणि पेशीतला नायट्रोजन मोजल्याशिवाय तेही सापडत नाहीत. त्या मोजणीला सीएचएन विश्लेषक (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मोजणारं यंत्र) लागतो, म्हणून ही तपासणी शेवटी.

प्रकाशाच्या मॉडेलमध्ये तशीच गोष्ट सावलीची. दाट कल्चरमध्ये पुढच्या पेशी मागच्यांवर सावली धरतात. शोषण गुणांक, दाटी आणि जाडी यांचा गुणाकार ३ झाला की फ्लास्कमधला सरासरी प्रकाश पृष्ठभागाच्या ३२ टक्के राहतो. पृष्ठभागाचा प्रकाश तसाच मॉडेलमध्ये घातला, तर प्रकाशाचा अर्धसंपृक्ती आकडा, म्हणजे प्रकाशासाठीचा के-एस, फुगतो. शोषण गुणांक वेगळा मोजा आणि पक्का करा, फिटमध्ये मोकळा सोडू नका.

स्वतः थांबून कुणाला बोलवायचं

स्पेक्ट्रोफोटोमीटरचं कोरं रीडिंग तासाभरात सरकत असेल, तर झाकण उघडू नका, सर्व्हिस इंजिनियरला फोन करा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा रेग्युलेटर आणि ऑटोक्लेव्हची झडप यांवर प्रयोगशाळेतल्या कुणीही हात चालवायचा नाही. तिथे जिवाला धोका असतो.

सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखीची वाटत नसेल, तर वर्गीकरण जाणणाऱ्याकडे नमुना न्या. जात चुकली तर पुस्तकातल्या कुठल्याच आकड्याशी तुलना करता येत नाही.

मोकळे पॅरामीटर पाचाच्या वर गेले, समीकरणं एकमेकांत गुंतलेली असली, वेगवेगळ्या महिन्यांच्या तुकड्या एकत्र फिट करायच्या असल्या किंवा सातवी तपासणी दोन्हीकडे सपाट आली आणि पुढचा प्रयोग कसा आखावा ते सुचत नसेल, तर संख्याशास्त्रज्ञाला गाठा. शक्यतो प्रयोगाच्या आधी. नमुना कुठल्या तासांना घ्यायचा, हे ते मॉडेलवरूनच सांगू शकतात.

जाताना नुसता आलेख नेऊ नका. कच्च्या मोजण्या, प्रत्येक फ्लास्कच्या वेगळ्या, सरासरी न काढलेल्या. नमुन्याची वेळ तास-मिनिटांत. कोऱ्या फिल्टरची वजनं, पातळ केल्याच्या नोंदी, तापमानाच्या लॉगरची फाइल, आणि वीज गेल्या-आल्याच्या वेळा लिहिलेली ती वही.